उपकेंद्रातील सौर वीज संच : लिथियम बॅटरीच्या चार्जिंगचे आकडे कसे ठरविले

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात बॅटरीच्या चार्जिंगवर स्वतंत्र लेख असावा, याचे काही वाचकांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. तथापि डोंगराळ भागातील आपल्या उपकेंद्रात सूर्यास्तानंतर प्रसूतिकक्षातील दिवा, नवजात बालकास ऊब देणारे यंत्र, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि लसींचा फ्रीज हे सारे एका लोखंडी कपाटातील बॅटरीवर चालते. गावची वीजवाहिनी पावसाळ्यात अनेकदा दीर्घकाळ बंद राहते. म्हणून हा आवश्यक भार वाहिनीला न जोडता पूर्णतः सौर संचावर ठेवण्यात आला आहे. ही बॅटरी आपणा देणगीदारांच्या औदार्यातून आली आहे. ती किती वर्षे टिकेल आणि रात्री ऐनवेळी साथ देईल की नाही, हे यंत्रात भरलेल्या दहा-बारा आकड्यांवर अवलंबून असते. ते आकडे कोणते आणि आम्ही ते कोणत्या विचाराने ठरविले, याचा हिशेब आपणासमोर ठेवणे हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

हा प्रश्न केवळ आपल्या उपकेंद्राचा नाही. जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक व अन्य दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अहवालानुसार, अल्प व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील सुमारे १०० कोटी लोक ज्या आरोग्यकेंद्रांवर विसंबून आहेत, तेथे वीज एक तर नाही किंवा भरवशाची नाही. सौर संच हा त्यावरील उत्तम उपाय आहे. मात्र संच बसविणे आणि तो नीट चालविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘लिथियम’ एवढे सांगणे पुरेसे नाही

लिथियम बॅटरी हे एका कुटुंबाचे नाव आहे. भ्रमणध्वनी व बहुतेक लॅपटॉपमधील घट सुमारे ३.६ ते ३.७ व्होल्टचा असून तो ४.२ व्होल्टपर्यंत भरतात. सौर संचांत प्रामुख्याने वापरला जाणारा घट लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारचा असतो. त्याचा सर्वसाधारण दाब ३.२ व्होल्ट, तर भरण्याची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट असते. एकासाठीचे आकडे दुसऱ्यास लावणे धोक्याचे ठरते. म्हणून बॅटरी स्वीकारताना पहिला प्रश्न ‘घट कोणत्या प्रकारचे व किती?’ हाच असला पाहिजे.

या फॉस्फेट घटाच्या जन्मात भारतीय नावांचाही वाटा आहे, हे येथे आनंदाने नमूद करावेसे वाटते. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात अक्षय पाधी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी १९९७ मध्ये या पदार्थाविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीवरील कार्यासाठी स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फॉस्फेटाची रचना उष्णतेत तुलनेने स्थिर राहते व ती सहसा पेट घेत नाही. रुग्णालयासाठी हा गुण विशेष मोलाचा आहे. तरीही बॅटरीचे कपाट रुग्णकक्षापासून दूर, हवेशीर व कुलूपबंद खोलीत ठेवण्यात आले आहे.

उपकेंद्रातील बॅटरीत असे १६ घट एकापुढे एक जोडलेले आहेत. १६ गुणिले ३.२ म्हणजे ५१.२ व्होल्ट. बॅटरीची क्षमता २०० अँपिअर-तास असल्याने ती पूर्ण भरली असता तीत सुमारे १०.२ युनिट वीज साठते. छतावरील सौर पॅनेल ३ किलोवॅटचे असून निरभ्र दिवशी त्यापासून साधारण १२ युनिट अपेक्षित धरता येतात. पावसाळी ढगांत हा आकडा बराच खाली येतो.

एका रात्रीचा जमाखर्च

कोणताही आकडा ठरविण्यापूर्वी रात्रीचा खर्च मांडणे आवश्यक होते. प्रसूती व ऑक्सिजनचा रुग्ण एकाच रात्री आले, असे गृहीत धरून आम्ही बारा तासांचा अंदाज केला.

दिवे व पंखे, २०० वॅट, १२ तास : २.४ युनिट
ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, ३५० वॅट, ८ तास : २.८ युनिट
लसींचा फ्रीज, रात्रभरात : ०.६ युनिट
नवजात बालकास ऊब देणारे यंत्र, सरासरी ४०० वॅट, २ तास : ०.८ युनिट

बेरीज ६.६ युनिट होते. इन्व्हर्टरमधील घट सुमारे दहा टक्के धरली, तर बॅटरीतून ७.३ युनिट खर्ची पडतात. पूर्ण भरलेल्या बॅटरीत पहाटे २.९ युनिट, म्हणजे सुमारे २८ टक्के शिल्लक उरते. बॅटरी संध्याकाळी ९० टक्केच भरलेली असेल, तर हीच शिल्लक १८ टक्क्यांच्या आसपास येते. बॅटरीचे आयुष्य वाढविण्यासाठी ती पूर्ण भरू नये, असा सल्ला अनेक जण देतात व तो निराधार नाही. परंतु घरातील दूरदर्शन संच पहाटे बंद पडणे आणि ऑक्सिजनचे यंत्र पहाटे बंद पडणे यांत अंतर आहे. आयुष्य व शिल्लक यांचा हा तोल प्रत्येक संस्थेने आपल्या रात्रीकडे पाहून साधावयाचा असतो. त्याचे तयार उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात मिळत नाही.

जुन्या बॅटरीच्या सवयी नव्या बॅटरीस चालत नाहीत

सौर संचातील चार्ज कंट्रोलर हे यंत्र पॅनेलकडून आलेली वीज बॅटरीत किती दाबाने व किती वेळ भरावयाची, हे ठरविते. अशा अनेक यंत्रांत आरंभी लेड-ॲसिड बॅटरीचे आकडे भरलेले असतात. ते तसेच राहू दिल्यास तीन ठिकाणी हानी होते.

पहिले ठिकाण ‘इक्वलायझेशन’चे. लेड-ॲसिड बॅटरीतील घट समपातळीवर आणण्यासाठी तिला ठराविक दिवसांनी मुद्दाम अधिक दाब देतात. ४८ व्होल्टच्या संचात हा दाब ६२ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. १६ लिथियम घटांवर तो विभागल्यास प्रत्येकी ३.८७ व्होल्ट होतात. मर्यादा तर ३.६५ ची आहे. अशा वेळी बॅटरीची अंगभूत रक्षक यंत्रणा, जिला तंत्रज्ञ बीएमएस म्हणतात, ती बॅटरीचा संबंध तोडते. त्या धक्क्याने इन्व्हर्टरही बंद पडू शकतो. आमच्याकडे हे सेटिंग कायमचे बंद आहे.

दुसरे ठिकाण तापमानाच्या भरपाईचे. लेड-ॲसिड बॅटरीस थंडीत अधिक व उन्हाळ्यात कमी दाब लागतो. म्हणून यंत्र तापमानाप्रमाणे दाब आपोआप बदलते. दर घटास दर अंशामागे ४ मिलिव्होल्ट हे प्रमाण धरल्यास ४८ व्होल्टच्या संचात (२४ घट) १५ अंशांच्या फरकाने जवळजवळ दीड व्होल्टचा बदल होतो. लिथियम बॅटरीस अशा भरपाईची गरज नसते. ती चालू राहिल्यास उन्हाळ्यात बॅटरी अपुरी भरते व थंडीच्या पहाटे दाब मर्यादेकडे सरकतो. हा आकडा आम्ही शून्य ठेवला आहे.

तिसरे ठिकाण वेळेचे. लेड-ॲसिड बॅटरी अर्धी रिकामी राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर गंधकाचे क्षार घट्ट बसून ती निकामी होऊ लागते. त्यामुळे तिला वरच्या दाबावर काही तास धरून रोज पूर्ण भरावे लागते. लिथियम बॅटरीचा स्वभाव याच्या उलट आहे. अर्धी भरलेली असताना ती निवांत असते. पूर्ण भरलेल्या अवस्थेत, त्यातही उष्ण हवेत, दीर्घकाळ राहिल्यास ती अधिक झिजते. लेड-ॲसिड बॅटरीची अनेक वर्षे निष्ठेने निगा राखलेल्या कर्मचाऱ्यांना हा फरक समजावून सांगणे, हा या कामाचा मोठा भाग होता.

भरण्याचा दाब

चार्जिंग तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात मिळेल तेवढा प्रवाह बॅटरीत जातो. दुसऱ्या, म्हणजे ॲबसॉर्प्शनच्या टप्प्यात दाब एका आकड्यावर स्थिर ठेवला जातो व प्रवाह हळूहळू ओसरतो. तिसऱ्या, म्हणजे फ्लोटच्या टप्प्यात दाब उतरवून बॅटरीस विश्रांती दिली जाते.

ॲबसॉर्प्शनचा आकडा ५८.४ व्होल्ट, म्हणजे प्रति घट ३.६५ व्होल्ट का ठेवू नये, असा प्रश्न विचारला जातो. कारण असे की सोळाही घट तंतोतंत सारखे नसतात. एकूण दाब ५८.४ असताना एखादा घट मर्यादेच्या पुढे गेलेला असतो आणि रक्षक यंत्रणा चार्जिंग तोडते. शिवाय ५६ ते ५८.४ व्होल्ट या पल्ल्यात पदरात पडणारी जादा वीज नगण्य असते. उलट दाब ५४.४ व्होल्टवर, म्हणजे प्रति घट ३.४० वर ठेवला, तर बॅटरी भरते खरी, परंतु शेवटचा भाग फार रेंगाळतो आणि पावसाळ्यातील तास-दोन तासांच्या उन्हात तो पुरा होत नाही. त्याखेरीज घटांची पातळी सारखी करण्याचे बीएमएसचे काम अनेक बॅटऱ्यांत ३.४० व्होल्टच्या वरच सुरू होते. म्हणून आम्ही मधला मार्ग स्वीकारला. जून ते फेब्रुवारी हा दाब ५६.० व्होल्ट (प्रति घट ३.५०) व अवधी जास्तीत जास्त ३० मिनिटे असतो. मार्च ते मे या कडक उन्हाच्या महिन्यांत तो ५५.२ व्होल्ट (प्रति घट ३.४५) व १५ मिनिटे ठेवण्यात येतो. प्रवाह १० अँपिअरपर्यंत, म्हणजे क्षमतेच्या पाच टक्क्यांपर्यंत उतरला की हा टप्पा वेळेआधीच संपतो.

फ्लोटचा आकडा ५३.६ व्होल्ट, म्हणजे प्रति घट ३.३५ व्होल्ट आहे. दुपारी बॅटरी भरल्यानंतर फ्रीज व पंखे थेट पॅनेलच्या विजेवर चालतात आणि बॅटरी वरच्या दाबावर ताणलेली राहत नाही. दाब ५२.८ व्होल्टवर उतरल्यासच नवे चार्जिंग सुरू होते.

प्रवाहाची कमाल मर्यादा ६० अँपिअर आहे. बॅटरीचे उत्पादक सामान्यतः क्षमतेच्या ०.२ ते ०.५ पट प्रवाह सुचवितात. २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीस तो ४० ते १०० अँपिअर होतो. आपली पॅनेल मुळातच ६० अँपिअरच्या आत प्रवाह देतात. त्यामुळे येथे निर्णय सोपा होता.

शून्य अंशाखाली लिथियम घट चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियम साचून कायमची हानी होते. लडाखसारख्या प्रदेशात ही काळजी अग्रक्रमाची आहे. आपल्या भागात तो प्रसंग येत नाही; तरीही बीएमएसमधील हे संरक्षण चालूच ठेवले आहे. आपला खरा शत्रू उन्हाळा आहे. त्यासाठी बॅटरीच्या खोलीस पश्चिमेकडून सावली व छताखाली वायुवीजन यांची व्यवस्था करण्यात आली आहे.

रिकामे होण्याची मर्यादा

बचत खात्यात किमान शिल्लक राखावी लागते, तसाच हा नियम आहे. घटाचा दाब २.५ व्होल्टवर, म्हणजे एकूण ४० व्होल्टवर आल्यास बीएमएस सर्व पुरवठा तोडते. मात्र तेथवर जाणे म्हणजे पुरता अंधार होय. शिवाय अनेक चार्ज कंट्रोलर बॅटरीच्या आधारावाचून सुरूच होत नाहीत. अशा स्थितीत सकाळी ऊन येऊनही संच आपोआप उठेल, याची खात्री राहत नाही. म्हणून इन्व्हर्टर ४८ व्होल्टवर, म्हणजे प्रति घट ३.० व्होल्टवर थांबेल आणि ५२ व्होल्ट झाल्यावरच पुन्हा सुरू होईल, असे ठरविले आहे.

त्याच्याही आधी दोन पायऱ्या आहेत. शिल्लक ३० टक्क्यांवर येताच प्रतीक्षाकक्षातील पंखे व अन्य दुय्यम जोडण्या बंद करण्यात येतात. २० टक्क्यांवर, किंवा दाब ५० व्होल्टवर आल्यास, घंटा वाजते व कर्तव्यावरील परिचारिका जनित्र सुरू करण्याची सूचना देतात. जनित्राने बॅटरी सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच भरावयाची व उरलेले काम उन्हावर सोपवावयाचे, असा दंडक आहे. ६० अँपिअरने ताशी सुमारे तीन युनिट भरत असल्याने त्यास दोन तासांच्या आसपास वेळ लागतो आणि डिझेलची बचत होते.

मीटर आणि ताळमेळ

वाणिज्य शाखेच्या वाचकांस हा भाग परिचित वाटेल. लेड-ॲसिड बॅटरीचा दाब पाहून तिच्यात किती वीज आहे, याचा अंदाज बांधता येत असे. लिथियम आयर्न फॉस्फेट घटाचा दाब मात्र भरलेल्या व अर्ध्या रिकाम्या अवस्थेत जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळे शिल्लक जाणून घेण्यासाठी आत गेलेला व बाहेर आलेला प्रत्येक अँपिअर मोजणारा मीटर लागतो. हा मीटर म्हणजे रोजकीर्द होय. रोजकीर्दीत रोज लहानशी चूक राहिली, तर महिनाअखेरीस पुस्तकातील शिल्लक व पेटीतील रोकड जुळत नाही. मीटरचेही तसेच होते. पावसाळ्यात बॅटरी अनेक दिवस पूर्ण भरली नाही, तर मीटर ४० टक्के दाखवीत असताना प्रत्यक्ष शिल्लक त्याहून बरीच कमी असू शकते.

यावर उपाय एकच, तो म्हणजे ताळमेळ. बॅटरी खरोखर पूर्ण भरली की मीटर स्वतःस १०० टक्क्यांवर आणतो. बॅटरी भरली, हे ओळखण्यासाठी मीटरला एक दाब व एक प्रवाह सांगावा लागतो. आम्ही ५४.८ व्होल्ट व १० अँपिअरहून कमी प्रवाह हे आकडे दिले आहेत. हा दाब ॲबसॉर्प्शनच्या दाबाहून किंचित कमी असणे अत्यावश्यक आहे. तो वर राहिला, तर मीटरच्या मते बॅटरी कधीच भरत नाही व ताळमेळ कधीच होत नाही. उन्हाळ्यात ॲबसॉर्प्शनचा दाब उतरविताना हे ध्यानात ठेवूनच आकडा निवडला. पंधरा दिवसांत एकदाही पूर्ण चार्जिंग झाले नाही, तर जनित्राच्या साहाय्याने ते करून घेण्याचा नियम आहे. वर सांगितलेली ८० टक्क्यांची मर्यादा त्या एका प्रसंगी शिथिल होते.

आकड्यांची राखण

बॅटरीच्या माहितीपत्रकात बहुधा ३,००० ते ६,००० चार्जिंग-चक्रांचे आयुष्य नमूद असते. रोज एक चक्र धरल्यास ३,००० चक्रे म्हणजे आठ वर्षांहून थोडा अधिक काळ होतो. परंतु हे वचन ठराविक तापमान व ठराविक दाबांच्या अटींवर दिलेले असते. त्या अटी पाळल्या नाहीत, तर हमीदेखील अडचणीत येऊ शकते. या मालमत्तेवर दरवर्षी घसारा आकारताना तिचे खरे आयुष्य तितकेच राहील, हे पाहणे प्रशासनाचे काम आहे.

म्हणून सर्व आकडे एका नोंदवहीत लिहून ठेवण्यात आले आहेत व यंत्रास परवलीचा शब्द लावला आहे. धनादेशाप्रमाणेच, सेटिंगमधील कोणत्याही बदलास दोन सह्या लागतात : एक तंत्रज्ञाची व एक उपकेंद्र प्रमुखांची. बदलाचा दिनांक व कारणही लिहावे लागते. उत्पादकाचे पत्रक व आमचे आकडे यांत मतभेद आढळल्यास पत्रकातील मर्यादा अंतिम मानली जाते. बॅटरीचे आयुष्य संपल्यावर ती भंगारात न देता, २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अधिकृत पुनर्चक्रीकरणासाठी सुपूर्द करण्यात येईल.

आपणास विनंती

रुग्णांच्या नातेवाइकांस आमची नम्र विनंती आहे की, उपकेंद्रातील लाल रंगाच्या सॉकेटमध्ये भ्रमणध्वनीचा चार्जर, विजेची किटली अथवा इस्त्री लावू नये. ते सॉकेट केवळ वैद्यकीय उपकरणांसाठी आहेत. भ्रमणध्वनीसाठी प्रतीक्षाकक्षात दिवसा स्वतंत्र सोय केली आहे. एक किटली अर्धा तास चालली, तर ऑक्सिजनच्या यंत्राची सुमारे दोन तासांची वीज खर्च होते. वरील जमाखर्च पाहिल्यावर या विनंतीमागील कळकळ आपण जाणाल.

विश्वस्त मंडळास आमची सूचना अशी की, पुढे कोणत्याही उपकेंद्रासाठी सौर संच खरेदी करताना घटांचा प्रकार, चार्जिंगच्या आकड्यांचा लेखी तक्ता, तसेच कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण या तीन गोष्टी खरेदीच्या अटींतच समाविष्ट कराव्यात. त्याशिवाय अखेरचा हप्ता अदा करू नये.

आपण दिलेल्या बॅटरीची नोंदवही उपकेंद्रात सदैव खुली आहे. आपण सवडीने यावे, ती पाहावी आणि काही शंका वाटल्यास निःसंकोच विचारावे, असे अगत्याचे निमंत्रण या अहवालाद्वारे आम्ही देत आहोत.